दोन चोचींचा मार्क्का

“ही चांदी मी मोडायचा न्हाय, मावशे. हिच्यावर गंडभेरुंड बसलंय. त्येला मुशीत घालू म्हणतीस? हात झडंल माझा.”

बेळगावच्या खडेबाजारात परशराम पोतदाराच्या दुकानाच्या पायरीवर बसून अंबुबाईनं हा आवाज ऐकला, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आत तिची आई होती, पोतदार होता, आणि चार दिवसांनी जो तिचा नवरा व्हायचा होता तो भावकू होता. लग्नाआधी नवऱ्याच्या पुढ्यात बसायचं नाही म्हणून तिला बाहेर बसवलं होतं. पाठ दुकानाकडे, तोंड रस्त्याकडे, आणि सगळा जीव कानात. पोतदाराचा आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला.

आई बाहेर आली ती पदराला हात पुसत. “झालं बाई. देवाचं पाखरू हाय म्हण त्येच्यावर. मोडत न्हाय त्यो. वर कडी बशिवतोय नुसती.”

गोष्ट अशी होती. भावकूची पहिली बायको मालुबाई, कणकुंबीकडच्या रानातली. भावकू पलटणीतून चौदा सालच्या लढाईवर गेला असताना मानमोडीची साथ आली आणि अनगोळच्या त्याच्या घरातनं एका आठवड्यात त्याची आई गेली, बायको गेली. लढाई संपवून तो आला तेव्हा दाराला शेजाऱ्यांनी घातलेली कडी होती. अशा घरी दुसरेपणावर मुलगी द्यायची तर रीत पाळायला हवी. थोरलीचा टाक करायचा. चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती उठवायची आणि ती नव्या नवरीनं गळ्यात घालायची. म्हणजे गेलेली बाई रुसत नाही, घरातच राहते, धाकटीच्या पाठीशी उभी राहते.

भावकूकडे चांदी होती ती एवढीच. आठ आण्याच्या नाण्याएवढं एक परमुलखातलं नाणं. इराणच्या रस्त्यावर रशियाची एक मोडलेली पलटण घराकडे परतत होती, त्यातल्या एका पिवळ्या केसांच्या शिपायानं दोन चपात्या आणि मूठभर गुळाच्या बदल्यात ते त्याच्या हातावर ठेवलं होतं. त्याच्या एका बाजूला दोन तोंडांचं, पंख पसरलेलं पाखरू. कानडी मुलखात देवळाच्या खांबावर, छतावर असतं तसं. म्हैसूरच्या राजाच्या मुद्रेवर असतं तसं. गंडभेरुंड. एवढ्या लांबून देवाचं पाखरू आपल्या पायानं चालत आलं म्हटल्यावर त्याला विस्तवात कोण घालणार?

म्हणून मग अंबुबाईच्या गळ्यात मालुबाईचा टाक आला तो बाईच्या रूपात न येता पाखराच्या रूपात आला.

पहिले काही महिने तिला त्याची भीती वाटायची. वाकलं की ते पुढे यायचं आणि काळ्या दोऱ्यावर हिंदकळत तिच्याकडे दोन्ही तोंडांनी बघायचं. मग एकदा चूल पेटेना, डोळ्यांत धूर, घरात बोलायला माणूस नाही, भावकू शेतावर. अंबुबाईनं ते नाणं मुठीत धरलं आणि म्हणाली, “आक्का, ह्या चुलीचं तोंड कुनीकडं हाय गं? तूच रांधत हुतीस न्हवं हितं?” त्यानंतर चूल पेटली की काय कोण जाणे, पण बोलणं सुरू झालं ते झालंच.

सकाळी तोंड धुतलं की पहिला पाण्याचा थेंब आक्काला. ताटातला पहिला घास आक्काला टेकवून मग तोंडात. नवं लुगडं आलं की त्याचा काठ आधी नाण्यावरनं फिरायचा. जात्यावर बसली की पीठ कमी आणि गाणं जास्त,

*गळ्यामंदी माझ्या बाई, दोन चोचींचं पाखरू*
*एक चोच थोरलीची, दुसरी मी माझी धरू*

*सवत म्हणू कशी, तिनं भांडण न्हाई केलं*
*माझ्या चुलीपाशी तिनं, धुराचं ऊन सोसलं*

शेजारणी हसायच्या. “अंबे, जित्या जावंसंगं कुनी एवढं बोलत न्हाय गं.” अंबुबाई म्हणायची, “जित्या जावा माघारी बोलत्यात. माझी कशी गप ऐकतीया.”

मुलगी झाली तेव्हा तिनं नाव ठेवलं मालू. बारशाच्या दिवशी ते नाव पाळण्यात पडलं आणि भावकू उठून बाहेर गेला तो तिन्हीसांजेला परत आला. अंबुबाईला समजलं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. हा माणूस थोरलीचं नाव कधी घेत नव्हता. ती घरात कुठं बसायची, कशी हसायची, तिला काय आवडायचं, एक अवाक्षर नाही. अंबुबाईनं अनगोळात चारचौघींना विचारून पाहिलं होतं. एक म्हणाली सावळी होती, दुसरी म्हणाली गव्हाळ. तिसरी म्हणाली, “बया, सासूनं कधी दाराभाईर सोडली न्हाय, डोईवरचा पदर कधी कपाळाच्या वर गेला न्हाय, कुणी बघितलंय तिला?” माहेरी एक मामा होता, तोही साथीत गेला. म्हणजे आता मालुबाई जगात एकाच ठिकाणी उरली होती, भावकूच्या पोटात. आणि तिथलं दार तो उघडत नव्हता.

एवढी जपून ठेवलीय म्हणजे किती जीव असेल, असं अंबुबाईला वाटे. कधी त्या विचारानं तिचं मन भरून येई. कधी, खरं सांगायचं तर, आतून बारीक कुरतडत असे. मग ती नाण्यालाच म्हणे, “तुझं नशीब बाई. आमी मेलो तर आमाला एवढं कोण पोटात घालतंय?”

पुढे शेत वाटण्यांत गेलं आणि दोघं निपाणीला आली. बाळगोंडा पाटलांच्या तंबाखूच्या वखारीवर भावकू राखणदार झाला. वखारीला लागूनच एक खोली मिळाली. पहिलं वर्षभर ठसक्यानं जीव नकोसा झाला, मग तंबाखूच्या वासाशिवाय झोप येईना. लेक मालू संकेश्वरला दिली. भावकूच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी रोज सकाळी तो पलटणीतल्यासारखा बुटांना पॉलिश करायचा आणि वखारीच्या दारात ताठ बसायचा.

सेहेचाळीस सालची संक्रांत. दोनच दिवसांपूर्वी सरकारनं फर्मान काढलं होतं की पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा बंद. निपाणीच्या व्यापाऱ्यांच्या घरांत तिळगूळ होता पण गोड बोलायला कोणाला सवड नव्हती. बाळगोंडा पाटील सोप्यावर वर्तमानपत्र पसरून बसले होते. तंबाखूचा व्यापार पिढीजात, पण माणसाला नाद नाण्यांचा. मुंबईहून मागवलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, त्यात साऱ्या जगातल्या नाण्यांची चित्रं, आणि लाकडी पेटीत कापसावर ठेवलेली दीडदोनशे नाणी. घरच्या बायका त्या पेटीला ‘अण्णांची शाळा’ म्हणायच्या.

त्यांच्या बायकोनं, शालनवैनींनी, अंबुबाईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. कुंकू लावून झालं, ओटीत ऊस, गाजर, बोरं पडली. अंबुबाईनं पदराखालून नाणं काढलं आणि पुढे केलं. “वैनी, हिलाबी लावा. सवाष्ण गेलीया ती.”

शालनवैनींनी हसून नाण्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. “दरसाल मी दोघींना कुंकू लावते आणि वाण मात्र एकीचंच घेऊन जातेस गं अंबाक्का.”

“आमच्यात चूल एकच हाय वैनी.”

सोप्यावरून बाळगोंडांचा चष्मा वर झाला. “काय गं ते? बघू इकडं.”

इतकी वर्षं ते नाणं पदराखालीच असायचं, त्यांच्या नजरेला कधी पडलंच नव्हतं. अंबुबाईनं दोरा गळ्यातून काढला नाही. पुढे होऊन वाकली. बाळगोंडांनी नाणं बोटांत धरलं, कुंकू अंगठ्यानं अलगद बाजूला सारलं, उलटून पाहिलं आणि ताडकन उठून आत गेले. आले ते पुस्तक घेऊन. पानं उलटताना त्यांना हजाराच्या नोटेचा विसर पडला असावा, कारण चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला होता.

“कुठून आणलंस हे, अंबुबाई? हे मार्क्का आहे. एक मार्क्का, सन एकोणीसशे पंधरा. फिनलंड देशाचं.”

“न्हाय अण्णा,” अंबुबाई समजुतीनं म्हणाली. “गंडभेरुंड हाय त्यो.”

“अगं गंडभेरुंड कुठला! हा रशियाच्या झारचा गरुड. दोन डोकी, दोन मुकुट. हे बघ, त्याच्या छातीवर ढाल आहे, ढालीवर सिंह आहे, तो सिंह फिनलंडचा.” त्यांनी बोट नखाएवढ्या आकृतीवर ठेवलं. झिजून झिजून तिथे आता नुसता उंचवटा उरला होता. “हा देश आधी स्वीडनच्या राजाकडं होता, मग रशियाच्या झारनं घेतला. लहानसा देश, नुसतं बर्फ आणि जंगल. पण लोक चिवट. आम्हाला आमचं नाणं पाहिजे म्हणून बसले. अठराशे साठ साली झारनं परवानगी दिली. आपल्या रुपयात जशी पावली, तसा रशियाच्या रूबलमध्ये हा मार्क्का, चौथा हिस्सा. पण पावली का असेना, स्वतःची! अंगावर पाखरू झारचं आणि आतला सिंह आपला.”

“आणि आपल्याकडं?” शालनवैनी म्हणाल्या. “आपल्या नोटंवर तर नुसता राजाच.”

“आपल्याकडं उलटं झालं. माझ्या पणजोबाच्या वेळी शहापूरला टांकसाळ होती, शहापुरी रुपया चालायचा. साहेबानं बंद केली. त्यांना दुसऱ्याच्या राज्यात राहून टांकसाळ मिळाली, आणि आपली होती ती गेली.” बाळगोंडा पुन्हा पुस्तकात शिरले. “आणि गंमत बघ. काठानं ही बारीक अक्षरं दिसतात ना? ह्यात लिहिलंय की एक पौंड शुद्ध चांदीतून अशी चौऱ्याण्णव नाणी आणि वर थोडं एवढी होतात. सरकारनं नाण्याच्या अंगावरच वचन लिहून दिलंय. आमच्या बाजारात असा तंबाखू कोण विकतो दाखव.”

“तुमी तरी कुठं विकता?” वैनी म्हणाल्या.

बाळगोंडांनी ऐकलं नाही असं दाखवलं. “पुढं सतरा साली झार गेला, देश स्वतंत्र झाला. मग त्या सालच्या नाण्यांवर हेच पाखरू, पण मुकुट काढून टाकलेलं. उघड्या डोक्याचं. आणि पुढं पाखरूच गेलं, सिंह एकटा राहिला. चांदीही गेली. लढाईनं पार वाट लावली. कागदाच्या नोटा छापल्या, छापल्या, आणि जुन्या मार्क्काची जी किंमत होती तिचा आठवा हिस्सासुद्धा राहिला नाही. लोकांनी ही जुनी चांदीची नाणी लपवून ठेवली. आणि आता...” त्यांनी वर्तमानपत्र ओढलं, “आता ह्याच एक तारखेला काय केलं माहीत आहे? सरकार म्हणालं, मोठ्या नोटा कात्रीनं मधोमध कापा. डावा तुकडा अर्ध्या किमतीला चालेल. उजवा तुकडा सरकारला कर्ज दिला असं समजा, काही वर्षांनी बघू.”

“कात्रीनं?” शालनवैनींनी हात कपाळाला लावला.

“घरोघरी बसून कापल्या असतील लोकांनी. आमच्याकडं नोट मारली, त्यांच्याकडं चिरली.”

“मग तसंच करायला पाहिजे होतं आपल्या सरकारनं. उजवी बाजू मी ठेवून घेतली असती.”

बाळगोंडा मोठ्यानं हसले. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले असतील. मग त्यांचं लक्ष अंबुबाईकडे गेलं. ती हसत नव्हती. नाणं मुठीत घट्ट धरून उभी होती.

“म्हंजी देवाचं पाखरू न्हवं ह्ये?”

“नव्हे गं. पण दुर्मीळ चांगलं आहे. कडी लावून खराब केलंय, तरी...”

“आनि त्यावर बाई न्हाय.”

“बाई? नाही. बाई कशाला असेल?”

“मग आक्का कुठं बसली हुती, अण्णा? सव्वीस वर्सं?”

बाळगोंडांनी पुस्तक मिटलं.

खोलीवर येऊन तिनं भावकूला विचारलं. तो बुटाला ब्रश मारत होता. “तुमाला ठावं हुतं का ह्ये गंडभेरुंड न्हवं म्हून?”

ब्रश थांबला, पुन्हा सुरू झाला. “पोतदार म्हनला तसं. मी शिपाई मानूस, मला काय कळतंय पाखरातलं?”

“ज्येनं दिलं त्यो काय म्हनला न्हवता?”

“त्येची भाषा मला कुठं येत हुती? चपाती खाल्ली, छातीला हात लावला आनि गेला.”

एवढं बोलून त्यानं दुसरा बूट घेतला. दुसरा बूट सकाळीच चकाकत होता.

त्या दिवशी अंबुबाईनं घास मोडला आणि हात नाण्यापाशी जाऊन अडखळला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिला वाटलं, आपण इतकी वर्षं एका राजाच्या खिशातल्या पाखराला जेवू घातलं आणि ती पोर बिचारी दाराबाहेर उभी राहिली. थोरली थोरली म्हणायचं, पण गेली तेव्हा मालुबाई जेमतेम अठराची. म्हणजे अंबुबाईच्या लेकीहून लहान. तिला बसायला कोणी पाटच मांडला नाही. ती रुसली नाही, कधी आडवी आली नाही. लेक नीट झाली, नीट दिली गेली. कुठं उभं राहून केलं असेल तिनं हे सगळं?

तिसऱ्या दिवशी ती भावकूला म्हणाली, “मला बेळगावला न्ह्या. पोतदाराकडनं ह्याच चांदीचा टाक करून घ्यायचा, बाईचा. रीत अर्धी ऱ्हायली ती पुरी करायची.”

“आता? ह्या वयात?”

“तिचं वय झालंय का? ती हाय तेवढीच हाय.”

बाळगोंडांना कळलं तेव्हा ते कळवळले. “अंबुबाई, मोडू नकोस गं. मी दुप्पट चांदी देतो. त्याचा टाक कर. हे मला दे, पेटीत ठेवतो.”

“अण्णा, पानी पाजलं, घास लावला त्यो ह्या चांदीला. दुसऱ्या चांदीला ती वळकंल का?”

बाळगोंडांनी पेटीचं झाकण लावलं. नाण्यांचा नाद असलेला माणूस, त्याला हे बोलणं पटलं असावं.

सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. घाटात दोनदा उतरून चालावं लागलं. भावकू वाटभर बाहेर बघत होता. संकेश्वर आलं तेव्हा म्हणाला, “मालूकडं उतरूया का? पोरांना बघून जाऊ.” अंबुबाई म्हणाली, “येताना.” हत्तरगीला म्हणाला, “पोतदार जिता तरी असंल का?” अंबुबाई म्हणाली, “त्येचा ल्योक असंल.” बेळगावात शिरताना त्याला खोकला आला आणि तो खडेबाजार येईपर्यंत थांबला नाही.

पोतदार जिवंत होता. भुवया पिकलेल्या, पाठ वाकलेली, डोळ्याला भिंग लावून शेगडीपुढे बसलेला. आवाज मात्र तसाच, घागरीतला. ह्या वेळी अंबुबाई पायरीवर बसली नाही. आत जाऊन बैठकीवर टेकली, दोरा गळ्यातून काढला आणि नाणं त्याच्यापुढे ठेवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गळा हलका झाला आणि तिला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं.

म्हाताऱ्यानं नाणं चिमट्यात धरून भिंगाखाली घेतलं. “ही कडी माझी. पण चेहरा पार पुसलास की गं. चंदन उगाळल्यागत उगाळलास.” मग भावकूकडे बघून हसला. “अरं शिपाईदादा! तू त्योच न्हवं का, आदल्या दिशी एकटा येऊन मला म्हनलावतास, उद्या ह्यांच्या म्होरं सांगा की ह्ये गंडभेरुंड हाय म्हून?”

अंबुबाईनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. भावकूनं टोपी काढली होती आणि ती दोन्ही हातांत फिरवत होता.

“त्येनं सांगायला लावलं तुमाला?”

“व्हय तर. मी तर मोडायला तयार हुतो. गरुड काय आनि घुबड काय, मुशीत सगळी चांदीच.” मग पोतदाराला काहीतरी उमगलं असावं. तो घाईघाईनं म्हणाला, “जुनी गोष्ट. ऱ्हाऊ दे. बोला, काय करायचं?”

“टाक करायचा,” अंबुबाई म्हणाली. “थोरलीचा. मूळचा करायचा हुता त्योच.”

म्हाताऱ्यानं मूस शेगडीवर ठेवली, भात्याला दोन झटके दिले. मागच्या फळीवरून बाईचा पितळी ठसा काढला. “हे बघ पोरी. ठशावर मारला की सगळ्या बाया सारख्याच निघत्यात. दुसरं सोनार तसंच देत्यात. मी देत न्हाय. नाक, कपाळ, हनुवटी मी छिन्नीनं हातानं काढतो. घरच्या मानसानं बघितल्याबरोबर ‘ही आमची’ म्हनलं पायजे. माझ्या बापानं शिकिवलंय तसं. तवा मला सांगा, तोंड गोल का उभट? नाकात मोरणी का चमकी? कपाळ केवढं?”

अंबुबाई भावकूकडे वळली. हे तिला ठाऊक नसणार हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. आणि खरं म्हणजे ह्याच क्षणासाठी ती इतक्या लांब आली होती, हे तिचं तिलाच आत्ता कळलं. टाक होईल की नाही हे एक, पण ह्या माणसाच्या पोटातलं ते दार उघडेल का, हे दुसरं. उघडलं तर आत आपल्यासाठी जागा नसल्याचं दिसेल कदाचित. दिसू दे. सव्वीस वर्षं तिच्याशी बोलते आहे, एकदा तिला बघू तरी दे.

“सांगा की वो,” ती हलकेच म्हणाली. “मी रागवायची न्हाय. किती देखनी हुती सांगा. मला आयकायचंय.”

भावकूची टोपी फिरायची थांबली.

“मूस तापली,” पोतदार म्हणाला. “घालू का चांदी?”

“थांबा,” भावकू म्हणाला.

तो बसला. पलटणीतला ताठपणा खांद्यांतून असा उतरला की अंबुबाईला वाटलं, हा एवढा लहान माणूस आहे हे आपल्याला कधी दिसलंच नाही.

“तवाबी ह्येनं असंच इचारलं हुतं. आदल्या दिशी. गोल का उभट.” तो जमिनीकडे बघून बोलत होता, एकेक शब्द पायानं चाचपत ठेवल्यासारखा. “मी लढाईवर गेलो तवा लगीन होऊन चार म्हयनं झालतं. दिवसा तिच्याकडं बघायची सोय न्हवती, आई असायची. रातीला दिवा न्हवता. हात आठवत्यात मला तिचं. भाकरी वाढायची तवा मनगटावर भाजल्याला डाग दिसायचा, त्यो आठवतोय. बांगड्या आठवत्यात. लढाईत चार वर्सं रोज म्हनायचो, आता तोंड आठवू, आता आठवू. पदरच यायचा म्होरं.”

“अवो...”

“बोलू दे गं. आता न्हाय बोललो तर कवाच न्हाय.” त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते, पण ते बघवत नव्हते. “तिचं तोंड मला आठवत न्हवतं, अंबू. तवाबी न्हाय, आताबी न्हाय. ती माझ्या नावानं मेली आनि मला तिचं नाक सांगता यीना. कुणाला सांगू ह्ये? म्हून पाखराची थाप मारली. तू नंतर तिच्यासंगं बोलाय लागलीस, तिला जेवू घालाय लागलीस, पोरीला तिचं नाव दिलंस. मला लाज वाटायची. मी इसरलो आनि तू जिला बघितली न्हाईस तिला संबाळलीस.”

तो पोतदाराकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला.

“तूच सांग त्येला, ती कशी हाय. माझ्यापरीस तुलाच जास्त ठावं हाय.”